वॉरहेड : टोकावरचं ओझं

क्षेपणास्त्र म्हटलं की डोळ्यासमोर येते ती धुराची लांब शेपटी. प्रोपल्शन, गायडन्स, कंट्रोल यांवर आपण सेमिनार देतो. पण हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, ते वॉरहेड आकृतीतल्या एका चौकोनात आटपतं. त्या चौकोनात असतं तरी काय?

ढोबळमानाने तीन गोष्टी : कवच, स्फोटक आणि फ्यूज. फ्यूजचं काम फक्त वेळेवर फोडणं नव्हे. साठवताना, वाहून नेताना फुटू न देणं हेही त्याचंच काम!

नुकसान कशाने होतं, यावरून प्रकार पडतात. ‘ब्लास्ट’मध्ये दाबाची लाट, तर ‘फ्रॅगमेंटेशन’मध्ये कवचाचे वेगाने उडणारे तुकडे. तिसरा ‘शेप्ड चार्ज’. त्याची गोष्ट मजेशीर आहे. १८८८ मध्ये अमेरिकेत न्यूपोर्टला चार्ल्स मन्रो गनकॉटनच्या वड्या पोलादी पत्र्यावर फोडून बघत होता. वडीवर कोरलेली अक्षरं पत्र्यावर जशीच्या तशी उमटली! म्हणजे पोकळीमुळे स्फोटाचा जोर एकवटतो. पुढे त्या पोकळीला धातूचं अस्तर लावलं आणि दुसऱ्या महायुद्धात रणगाडे भेदले जाऊ लागले. आज याच तत्त्वावर तेलविहिरींच्या पोलादी नळीला भोकं पाडतात.

अण्वस्त्रांची गोष्टच वेगळी. ६ ऑगस्ट १९४५ ला हिरोशिमावर पडलेला एकच बॉम्ब सुमारे १५ किलोटन टीएनटीइतका होता. रासायनिक अस्त्रांवर मात्र जगाने बंदी आणली. १९९७ मध्ये करार लागू झाला. भारताने आपला साठा २००९ पर्यंत नष्ट केला; जगातला जाहीर केलेला शेवटचा साठा २०२३ मध्ये संपला. म्हणजे बनवलेलं मोडताही येतं.

हे सगळं मी इंग्रजीत वाचलं तेव्हा नुसतं टेक्निकल वाटलं होतं. मी कॉन्व्हेंटवाली, विचारही बऱ्याचदा इंग्रजीतच करते. पण या पानांसाठी मराठीत लिहायला बसले आणि अडले. ‘लेथॅलिटी’ हा एफिशियन्सीसारखा एक आकडा वाटतो. ‘मारकता’ लिहिलं की त्यातला ‘मार’ ऐकू येतो. ‘सॉफ्ट टार्गेट’ म्हणजे चिलखत नसलेली वाहनं, आणि माणसं. ‘मऊ लक्ष्य’ असं लिहायला हात धजला नाही. ‘माणसं’च लिहिलं.

देशाला संरक्षण हवं, हे मला मान्य आहे. पिनाका विकसित करणारी एआरडीई आपल्या पुण्यातच, पाषाणला आहे. उद्या आपल्यापैकी कुणी तिथे जाईल, कदाचित मीच. जाणाऱ्याने जरूर जावं. फक्त आपण काय बनवतोय ते आईला समजेल अशा भाषेत एकदा स्वतःला सांगावं, आणि मगच सही करावी.