एक डोळा आकाशाला

कबूतर आकाशाकडे बघताना मान वर करत नाही. ती तिरपी करते आणि एकच डोळा वर लावते. दाणे टिपणारी सगळी कबुतरे अशी एका डोळ्यावर थबकली की मी हातातले काम टाकतो. मयूर विहार फेज एकमध्ये आमच्या गच्चीवर ढाबळ आहे, तिला चौदा वर्षे झाली. तरी वर कोण आहे हे आधी त्यांना कळते, मग मला.

घारीने ती फारशी बिचकत नाहीत. जवळच गाझीपूर, तिथला कचऱ्याचा डोंगर, कोंबड्यांचा नि मासळीचा बाजार, म्हणजे आमच्या डोक्यावर घारीच घारी. हिवाळ्यात तर मध्य आशियातल्या घारीही हिमालय ओलांडून इथे उतरतात. घारीला आयते लागते. धडधाकट, उडते कबूतर ती सहसा धरत नाही. मरगळून बसलेले किंवा उघड्यावरचे पिल्लू मात्र उचलते. शिक्रा कबुतरापेक्षा लहानच, पण झाडांच्या आडून खालून येतो आणि त्याचाही डोळा पिल्लांवर असतो. उडणाऱ्या थव्याची खरी धास्ती बहिरी ससाण्याची. थंडीत तो यमुनेच्या पट्ट्यात दिसतो, उंच जातो आणि वरून सूर मारतो. त्याला उंची लागते, म्हणून जातिवंत गिरेबाज कबुतरांचा थवा त्याला पाहताच आवळतो आणि त्याच्याही वर चढू बघतो. मागे पडलेले एकटे कबूतर जाते.

ते कोणते असणार हे बहुतेक वेळा आधीच ठरलेले असते आणि ते ठरवणारा मी असतो. पंखाची मोठी पिसे झडलेली असताना उडवलेले. नुकते पिल्लांवरून उठवलेले. धुक्यात सोडलेले. जुन्या दिल्लीतल्या ज्या उस्तादांकडे मी शिकलो ते म्हणत, ‘‘भूखा उड़ाओ, खिलाकर सुलाओ.’’ पोट भरलेले कबूतर हवेत रेंगाळते, शेजारच्या पाण्याच्या टाकीवर बसते. भुकेले असले तर डब्यातली बाजरी वाजताच खाली येते. ढाबळीच्या तोंडाला आत ढकलल्या जाणाऱ्या पण बाहेर न उघडणाऱ्या सळ्या आहेत. पाच-सात क्षणांत सगळी आत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी उड्डाण थोडके ठेवतो आणि रोजची वेळ बदलतो. शिकारी पक्षी वेळ लक्षात ठेवतो, हा माझा अनुभव आहे.

आता जाळीचे सांगतो. सुरुवातीला मी ढाबळीवर नायलॉनचे जाळे सैल सोडले होते. स्वस्त पडले म्हणून. एका जानेवारीच्या सकाळी त्यात शिक्रा लटकलेला होता, उलटा, दोन्ही पायांना पीळ बसलेला. त्याचे डोळे नारिंगी होते आणि चोच उघडी. आत एक मादी घरट्यावर पिल्लांना पोटाखाली घेऊन दगडासारखी बसली होती. शेजारचे वर आले आणि म्हणाले, ‘‘आता सापडलाय, मुरगाळून टाका.’’ आदल्याच आठवड्यात माझे एक पिल्लू गेले होते. त्यांचा राग मला समजत होता, तो माझ्यातही होता.

पण जाळे मी लावले होते. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकार म्हणजे नुसते मारणे नव्हे; विष घालणे, सापळ्यात धरणे, अंडी-घरट्याला हात लावणे हेही तीत येते. कायदा आठवायच्या आधीच मी जुनी चादर आणली होती. अंधार झाला की पक्षी शांत होतो. डोके झाकून कात्रीने एकेक धागा कापला. नखे मनगटात रुतली ती तशीच राहू दिली. पायांना जखम नव्हती. असती तर त्याला वजीराबादला नेले असते. तिथे नदीम आणि सऊद हे भाऊ घारींवर उपचार करतात. शौनक सेन यांनी 2022मध्ये त्यांच्यावर ‘ऑल दॅट ब्रीद्स’ हा माहितीपट केला. त्यांच्याकडच्या कितीतरी घारी मांज्याने कापलेल्या असतात. काच लावलेल्या आणि नायलॉनच्या मांज्यावर दिल्लीत 2017पासून बंदी आहे, तरी पंधरा ऑगस्टच्या आसपास, पतंगांच्या दिवसांत, आठवडाभर मी ढाबळ उघडत नाही. त्या दिवसांत घार आणि कबूतर दोघांचाही वैरी एकच असतो.

शिक्रा सोडला तेव्हा समोरच्या कडुलिंबावर जाऊन बसला आणि बराच वेळ पिसे नीट करत राहिला. त्याच दिवशी मी जाळे उतरवले. आता लोखंडी जाळी आहे, ताणून बसवलेली, आणि एक वीतभर अंतरावर तिचीच दुसरी भिंत, म्हणजे आत टेकून झोपलेल्या कबुतराचे पीस बाहेरच्या नखाला लागत नाही. खर्च चांगलाच आला. रोज संध्याकाळी मी चौकटीवरून बोट फिरवतो. कुठे तार सुटली असेल तर बोटाला टोचते.