क्लायंट

आमच्या आयटीत 'क्लायंट' म्हणजे देव. त्यानं रात्री ११ला कॉल लावला तरी आपण 'शुअर, शुअर' म्हणत लॅपटॉप उघडतो. २०२४ मध्ये मी स्वतःच क्लायंट झालो, पुण्यातल्या एका काउन्सेलर बाईंचा. (झोप उडाली होती. ते पुन्हा कधीतरी.) तिथे हिशोब बरोबर उलटा! आठव्या सेशनपर्यंत बाईंना माझं ब्रेकअप, माझी भीती, बाबांशी न बोललेले महिने, सगळं माहीत. मला त्यांच्याबद्दल काय माहीत? आडनाव आणि फी.

डिसेंबरात ताईचं लग्न होतं, आमच्या गावी शहापूरला. मी बाईंना आग्रहानं बोलावलं. त्या म्हणाल्या, "नाही येणार. आपलं नातं या खोलीपुरतंच राहू दे, त्यात तुमचंच भलं आहे." जाम राग आला. एवढं सगळं सांगितलं आणि ही बाई साधं जेवायला येत नाही? पुढचं सेशन मी चक्क बुडवलं.

मग जानेवारी २०२५ मध्ये नागपूरचं प्रकरण बाहेर आलं. एका मानसोपचार समुपदेशकानं १५ वर्षांत पन्नासेक विद्यार्थिनींचं शोषण केलं, फोटोंवरून ब्लॅकमेल केलं, असे आरोप. निकाल कोर्ट लावेल. पण त्याची शिबिरं भंडारा-गोंदियाकडेही व्हायची, हे वाचून आमच्या घरात शांतता पसरली.

मामेबहीण तेव्हा बारावीला, टेन्शननं जेवण सुटलेलं. कुणीतरी समुपदेशन सुचवलं होतं. मामी म्हणाली, "काहून धाडू पोरीले? परक्या माणसाले सारं सांगायचं, अन् मंग त्यानंच..." पुढचं ती बोललीच नाही.

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. सर्व्हरचा अ‍ॅडमिन पासवर्ड ज्याच्याकडे, त्यानं डेटा चोरला तर आपण युजरला दोष देतो का? इथेही तसंच. सगळं जाणणाऱ्यासमोर बसलेल्या माणसाचा 'हो' मोकळा नसतो. पेशंटचं डॉक्टरवर मन जडतं ते उपचारातूनच, डॉक्टरनं ते स्वतःचं कर्तृत्व समजू नये, हे फ्रॉइडनं १९१५ मध्येच लिहून ठेवलंय. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या आचारसंहितेत तर उपचार संपल्यावरही किमान २ वर्षं शारीरिक संबंधांना बंदी आहे. म्हणजे रेषा आखायची जबाबदारी कायम खुर्चीपलीकडच्याची. बाईंनी मला नाकारलं नव्हतं, त्यांनी ती रेषा पाळली होती.

मामीला एवढंच सांगितलं : क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिलची नोंदणी बघ. आपल्याला गुप्तता पाळायला सांगणारा, खोलीबाहेर भेटायला बोलावणारा, फोटो मागणारा दिसला की तिथूनच उठायचं. मात्र 'तुझं गुपित मी कुणाला सांगणार नाही' असं तो म्हणाला तर ते बरोबर आहे. तो २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दिलेला हक्कच आहे.

बहीण गेली, भंडाऱ्याला, एका मॅडमकडे. मामी पूर्ण तास बाहेरच्या बाकावर बसून होती.

आणि मी? पुण्याला परतल्यावर मुकाट्यानं अपॉइंटमेंट घेतली. बाईंनी विचारलं, "लग्न कसं झालं?" ४० मिनिटं तेच सांगत होतो.

असो. उद्या सोमवार, आमचा देव वाट बघतोय.