दोन खंडाळे आणि एक जुनी मोटार

मुंबईहून रस्त्याने सांगलीला येणाऱ्या प्रवाशाला खंडाळा नावाची दोन गावे भेटतात. पहिले बोरघाटाच्या माथ्यावरचे, हवापालटासाठी प्रसिद्ध असलेले. दुसरे सातारा जिल्ह्यातले, खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी वसलेले तालुक्याचे गाव. पहिल्या खंडाळ्यापाशी चढण संपते, दुसऱ्यापाशी ती सुरू होते. नव्या गाडीतून जाणाऱ्याला हा भेद जाणवतही नाही. मुंबईत स्वस्तात मिळालेली पंचवीस-तीस वर्षांची मोटार घराकडे नेणाऱ्याला मात्र तो चांगला ठाऊक असतो.

व्यापारी घरांत एक साधा नियम पिढ्यान्‌पिढ्या शिकवला जातो: खरेदीची किंमत वेगळी आणि पडतळ वेगळी. माल दुकानात येऊन पडेपर्यंत त्यावर हमाली, भाडे, तूट आणि घट चढत जाते. तो सारा खर्च धरल्यावरच भाव कळतो. जुन्या मोटारीला हा नियम जसाच्या तसा लागू पडतो. मुंबईत ठरलेला सौदा हा त्या व्यवहाराचा केवळ पहिला आकडा असतो. उरलेले आकडे सुमारे पावणेचारशे किलोमीटरच्या रस्त्यावर लिहिले जातात, आणि त्यांतले मोठे आकडे बहुधा घाटातच पडतात.

अशा मोटारींमध्ये प्रीमियर पद्मिनीला आजही मान आहे. तिचा इतिहास या भागातील व्यापारी समाजाला परका नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी जहाज आणि विमान यांच्याबरोबर मोटारही या देशात बनावी असा ध्यास घेतला आणि १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आरंभी क्रायस्लर कंपनीच्या गाड्या जोडल्या जात. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. त्या फियाटचेच रूप १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने रस्त्यावर आले. परवान्यांच्या त्या काळात गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ती आणखी काही वर्षे धावली आणि वयोमर्यादेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२३ अखेर तेथूनही निवृत्त झाली. आता उरल्या आहेत त्या खासगी मालकांनी जपलेल्या, किंवा इमारतीच्या तळाशी धूळ खात उभ्या असलेल्या. सांगलीत वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आजही ज्यांचे नाव चालवते, त्यांच्या कारखान्यातली गाडी सांगलीत आणण्याची हौस एखाद्याला वाटली, तर तीत नवल नाही.

हौसेच्या आधी कागद येतो. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी असते. त्यानंतर गाडी तपासून पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते, शिवाय पर्यावरण कर भरावा लागतो. नोंदणीपुस्तकावरील चेसिस आणि इंजिनाचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी ताडून पाहावेत, बँकेचा बोजा उतरला आहे याची खात्री करावी, नमुना २९ व ३० वर सह्या घ्याव्यात आणि विमा आपल्या नावावर करून घ्यावा. विक्रेता ओळखीचा आहे म्हणून यातले काहीही सोडू नये. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरून आणलेला माल घेणे हाही एक अतिचार सांगितला आहे. घेणाऱ्याने वस्तूचा उगम विचारलाच पाहिजे, ही जबाबदारी जुन्या शास्त्रकारांनी त्याच्यावर टाकली आहे. विकणाऱ्याचेही कर्तव्य तितकेच आहे. ब्रेक कमजोर असल्याचे लपवून मिळवलेले चार हजार रुपये हा नफा म्हणता येत नाही, कारण पुढे घाटात त्याची किंमत दुसऱ्याच्या मुलाबाळांना मोजावी लागू शकते.

प्रवास पहाटे सुरू करावा हे उत्तम. उन्हाआधी बोरघाट चढला तर इंजिनाला दिलासा मिळतो, आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून जेवणाचा नियमही पाळता येतो. जुन्या गाडीचे दिवे आजच्या महामार्गावरील रात्रीला पुरे पडत नाहीत, हे आणखी एक व्यावहारिक कारण. सोबत पाण्याचे दोन कॅन, फॅनबेल्ट, रेडिएटरच्या रबरी नळ्या, पॉइंट, प्लग, फ्यूज आणि हवा भरलेली स्टेपनी असावी. नळ्यांकडे विशेष लक्ष हवे. हल्लीचे इथेनॉलमिश्रित पेट्रोल जुन्या काळच्या रबराला मानवत नाही. पेट्रोलची नळी चिरली तर पैशाचे नुकसान दूरच, आगीचा धोका असतो.

पहिले खंडाळे मागे पडते, पुणे ओलांडले जाते, कात्रजचा डोंगर सरतो. शिरवळजवळ नीरा नदी येते. हीच पुणे आणि सातारा या जिल्ह्यांची सीमा. येथून खंडाळा तालुका सुरू होतो. वेगाने धावणारी वाहने या तालुक्याला केवळ घाटाच्या नावाने ओळखतात, पण त्याची ओळख एवढीच नाही. याच तालुक्यातील नायगाव येथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. पूर्वेकडचे लोणंद कांद्याच्या बाजारासाठी व्यापाऱ्यांना परिचित आहे. पुणे-मिरज लोहमार्ग त्याच गावावरून जातो. शिरवळच्या परिसरात आता कारखान्यांची रांग उभी आहे. एकेकाळच्या कोरडवाहू शिवारातून आज मालमोटारींचा ओघ अखंड वाहतो.

खंडाळा गावाशी आले की समोर डोंगराची आडवी भिंत दिसते. साताऱ्याहून पुण्याकडे जाणारी वाहने बोगद्यातून येतात. साताऱ्याकडे जाणाऱ्यांना जुन्या घाटरस्त्याने वळणे घेत चढावे लागते. म्हणजे जुनी गाडी घरी नेणाऱ्याला येथे सुटका नाही. शहाणा माणूस चढणीपूर्वीच गाडी बाजूला घेऊन थंड होऊ देतो, पाणी पाहतो, तेल पाहतो. घाटात पुढे लादलेला ट्रक रांगत असतो. त्याच्यामागे पहिल्या किंवा दुसऱ्या गिअरमध्ये चालताना वारा लागत नाही आणि तापमानाचा काटा वर सरकू लागतो. एक हजार एकोणनव्वद सीसीच्या त्या इंजिनाला घाई केलेली सोसत नाही. काटा लाल खुणेकडे गेला तर सुरक्षित जागा पाहून थांबावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. उकळत्या पाण्याचा फवारा चेहऱ्यावर येतो. कधी पेट्रोल नळीतच वाफ होऊन अडते आणि गाडी धक्के खात बंद पडते. अशा वेळी जुने मेकॅनिक पेट्रोलपंपावर ओला कपडा ठेवून अर्धा तास वाट पाहतात. नव्या सुट्या भागांपेक्षा थोडा धीर येथे अधिक कामी येतो.

माथ्यावरचा उतार हा चढणीहून मोठा परीक्षक आहे. पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. सतत पाय ठेवला तर ते तापतात आणि नेमके गरजेच्या वेळी ढिले पडतात. म्हणून ज्या गिअरने चढले त्याच गिअरने उतरावे, ही जुन्या चालकांची शिकवण. पेट्रोल वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडणे ही काटकसर नव्हे. काटकसर आणि कंजुषी यांतला फरक जितका स्पष्ट या उतारावर कळतो, तितका हिशेबाच्या वहीतही कळत नाही.

या घाटाची आणखी एक गंमत आहे. खंबाटकीचा डोंगर हा पाणलोटाची सीमाही आहे. उत्तर उतारावर पडलेला पाऊस नीरेला मिळतो, नीरा भीमेला, आणि भीमा दूर कर्नाटकात कृष्णेला. दक्षिणेकडे पडलेले पाणी मात्र थेट कृष्णेत जाऊन सांगलीच्या घाटाखालून वाहते. घाट उतरलेली गाडी म्हणजे नदीच्या दृष्टीने घरच्या अंगणात आलेली गाडी. सुरूरला वाई-महाबळेश्वरचा फाटा मागे पडतो, भुईंजजवळ कृष्णा प्रथम भेटते, सातारा जाते, कराडला कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम येतो. पुढे पेठनाक्याला महामार्ग सोडला की उसाच्या शिवारातून आष्ट्यावरून सांगलीवाडी आणि १९२९ सालचा आयर्विन पूल. नंबरपाटीवर एमएच ०१ असलेली गाडी एमएच १०च्या गर्दीत मिसळते.

आता वहीत पडतळ मांडता येते. सौद्याची रक्कम, नोंदणी, कर, विमा, पेट्रोल, घाटात बदललेली नळी, आणि घरी आल्यावर करावे लागणारे ब्रेकचे काम. बेरीज केली की अनेकदा लक्षात येते की स्वस्त गाडी तितकीशी स्वस्त नव्हती. तरीही ज्याने ती स्वतः चालवत आणली त्याला एक गोष्ट मिळालेली असते: गाडीचा प्रत्येक दोष त्याला ठाऊक झालेला असतो. कोणत्या वळणावर ती कुरकुरते, किती चढ सोसते, कोठे थांबवावी, हे त्याला कोणी सांगावे लागत नाही. ट्रकवर लादून आणलेल्या गाडीचा मालक या ज्ञानाला मुकतो आणि पुढची कित्येक वर्षे त्याची किंमत हप्त्याहप्त्याने फेडत राहतो.

खंबाटकीखालून नव्या जोडबोगद्यांचे काम हाती घेण्यात आले आहे. साताऱ्याकडे जाणारी वाहतूकही त्यांतून सुरळीत झाली की घाटाची चढण बहुतेकांच्या स्मरणातून जाईल. अपघात घटतील, वेळ वाचेल; हे स्वागतार्हच आहे. मात्र जुनी वस्तू घेणाऱ्याला तिची पारख करण्यासाठी मग दुसरा एखादा चढ शोधावा लागेल.