इन्सुलेशनला टक्केवारी कळत नाही

वीजपुरवठ्याच्या गुणवत्तेचा अहवाल हाती आला की सगळ्यांची नजर आधी टीएचडीच्या आकड्यावर जाते. ५० हर्ट्झच्या मूळ लाटेत हार्मोनिक्सची एकूण भेसळ किती टक्के, हे तो सांगतो. पुरवठा नियमात बसतो की नाही ते त्यावरून ठरतं. इन्सुलेशन किती वर्षं टिकेल, हे मात्र ठरत नाही. संगणकावर इन्सुलेशनची प्रतिरूपं चालवण्याचं माझं काम तिथूनच सुरू होतं.

मूळ लाटेची उंची १ धरा आणि तिच्यात १० टक्के तिसरा हार्मोनिक, म्हणजे १५० हर्ट्झची लाट, मिसळा. दोघी शून्यातून एकदमच वर निघाल्या, तर मूळ लाट माथ्यावर पोचते तेव्हा तिसरी तळाला असते. बेरीज ०.९. तिसरीला उलट्या दिशेने सोडलं की माथे जुळतात आणि उंची १.१ होते. टीएचडी दोन्हीकडे १० टक्केच, आरएमएसही तोच. घन इन्सुलेशनचं आयुष्य मात्र व्होल्टेजच्या मोठ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात घटतं. हा घातांक पदार्थागणिक बदलतो. उदाहरणापुरता १० घेतला, तर या दोन लाटांखालच्या आयुष्यांत सुमारे साडेसात पटींचा फरक पडतो. इटलीत बोलोन्या विद्यापीठात केबल आणि कपॅसिटरच्या रोधकांवर झालेल्या प्रयोगांतही माथ्याचाच प्रभाव सर्वांत मोठा दिसला आहे.

कारण बहुतेकदा एका बुडबुड्यात असतं. इपॉक्सी ओतताना राहून गेलेल्या गोल पोकळीत विद्युतक्षेत्र भोवतालपेक्षा साधारण एक तृतीयांशाने जास्त असतं, आणि हवा इपॉक्सीच्या कितीतरी आधी दगा देते. पोकळीत ठिणगी पडते. हाच पार्शल डिस्चार्ज. गेमान्ट आणि फिलिपॉफ यांनी १९३२ साली त्यासाठी तीन कपॅसिटरचं मंडल मांडलं. ते आजही शिकवतात, शिकवावंच. पण ठिणगीला सुरुवातीचा एक इलेक्ट्रॉन लागतो आणि तो कधी मिळेल हे दैवाधीन असतं, म्हणून प्रतिरूपात यादृच्छिक आकडे घ्यावेच लागतात. शिवाय ठिणगीनंतर पोकळीच्या भिंतींवर प्रभार उरतो. व्होल्टेज चढत असताना तो पुढच्या ठिणगीला अडवतो आणि व्होल्टेज मागे फिरलं की तिलाच हातभार लावतो. हार्मोनिक्समुळे लाटेच्या माथ्यावर खोल खाच पडली, लाट उतरून पुन्हा चढली, तर एका चक्रातल्या ठिणग्या वाढू शकतात. टीएचडीच्या आकड्यात ही खाच दिसतच नाही.

व्हीएफडीवर, म्हणजे वेग बदलणाऱ्या ड्राइव्हवर, चालणाऱ्या मोटारीत हे सगळं टोकाला जातं. ४१५ व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये डीसी बस सुमारे ५८५ व्होल्टची असते. ड्राइव्हमधला आयजीबीटी हा स्विच ०.१ मायक्रोसेकंदात चालू झाला आणि स्पंद केबलमधून मायक्रोसेकंदाला १५० मीटर धावला, तर साडेसात मीटरपुढच्या केबलला मोटारीच्या टोकाशी परावर्तनाने व्होल्टेज जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. त्यातला मोठा वाटा वाइंडिंगच्या पहिल्या काही वेढ्यांवर पडतो. हवेत ठिणगी पडायला किमान ३२७ व्होल्ट लागतात. एनॅमल तारांमधल्या फटीत तो उंबरठा ओलांडला जाणं मग अवघड राहत नाही, आणि साधं एनॅमल असा मारा फार काळ सोसत नाही. जळालेली मोटार भरून आणून त्याच लांब केबलला जोडली जाते, ती पुन्हा जळते आणि बोल वाइंडरला लागतो. याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून प्रतिरूपासाठी माहिती घेताना मी प्रत्येक हार्मोनिकचा कोन मागतो, नाहीतर सरळ ऑसिलोस्कोपवर नोंदलेली लाट. ड्राइव्ह असेल तर ती नोंद मोटारीच्या टर्मिनलवरची लागते. ड्राइव्हच्या तोंडाशी घेतलेली चालत नाही.