काळ्या कोंबडीची खादाडी

परसात काळ्या ऑस्ट्रॉलॉर्प कोंबड्या पाळलेल्या असतील तर रिकामे सूप हातात घेऊन नुसते दारात उभे राहून बघा. सगळ्या धावत येतील. आपली गावरान कोंबडीही येते, पण ती चार हात लांब थांबून माणसाचा अंदाज घेते. ही काळी मात्र थेट पायात घुटमळते, बाईच्या जोडव्यालाही दाणा समजून चोच मारते. अंगाने जड, स्वभावाने शांत आणि कमालीची खादाड अशी ही जात आहे. घरातल्या सगळ्यांना तिचे कौतुक वाटते आणि त्या कौतुकात येता-जाता तिच्यापुढे मूठमूठ दाणे पडत राहतात. वाचकहो, या खादाडीबद्दलच आज चार गोष्टी सांगायच्या आहेत. कारण अंड्यांचे पैसे तिथेच मिळतात आणि तिथेच बुडतात.

ही जात ऑस्ट्रेलियाची. इंग्लंडहून तिकडे नेलेल्या काळ्या ऑर्पिंग्टन कोंबड्यांमधून तिथल्या लोकांनी जास्त अंड्यांसाठी निवड करत करत ती तयार केली. १९२२-२३ साली तिथल्या एका स्पर्धेत सहा ऑस्ट्रॉलॉर्प कोंबड्यांनी ३६५ दिवसांत १८५७ अंडी दिली. म्हणजे एकेकीची सरासरी ३०९ च्या वर गेली. परसातल्या कोंबडीकडून असा आकडा कुणी धरू नये. पण जिच्या रक्तात एवढी अंडी आहेत, तिची भूकही तशीच असणार, हे ध्यानात ठेवावे. भूक हा तिचा दोष नाही. त्या भुकेपुढे आपण काय टाकतो, यावर सगळे अवलंबून आहे.

ती खाते कशी, हे एकदा निवांत बघा. एका पायाने उकरते, दुसऱ्या पायाने उकरते, मग पाऊलभर मागे सरून खाली बघते. उकिरड्यातली अळी, वाळवी, गांडूळ, कोवळे गवत, मळणीत सांडलेले जोंधळे, सगळे तिला चालते. मिरचीचा तिखटपणा तिला कळत नाही, म्हणून अंगणात वाळत घातलेल्या मिरच्यांचे बी ती खुशाल टिपते. कोंबडा असेल तर तो दाणा उचलतो, पुन्हा खाली टाकतो आणि टुकटुक करत कोंबड्यांना बोलावतो. भरडा पुढे ठेवला तर ती आधी मोठे तुकडे वेचते आणि पीठ तसेच ठेवते. क्षारमिश्रण मिसळलेले असते ते नेमके त्या पिठातच. म्हणून भरडा थोडा ओलसर करून द्यावा आणि एका वेळी संपेल एवढाच द्यावा. ओला भरडा उन्हात पडून राहिला तर आंबतो.

अंडी देणारी कोंबडी संध्याकाळी भिंतीचा पोपडा किंवा चुना टोचू लागली, तर तिला हाकलू नका. ती तिची गरज सांगते आहे. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम असते. कवच भरायला वीसेक तास लागतात आणि त्यातला बराच वेळ रात्रीचा असतो. म्हणून दिवस मावळताना तिला चुन्याची ओढ लागते. एका खापरात शिंपल्यांचा चुरा वेगळा ठेवा. जिला हवा ती हवा तेवढा खाईल. घरच्या अंड्यांची टरफले द्यायची तर धुऊन, वाळवून, बारीक कुटून द्या. अख्खी टरफले दिली तर कोंबडीला अंडे फोडून खायची सवय लागू शकते.

भिंतीचा चुना ती गरजेपोटी मागते. मक्याचे मात्र तसे नाही. मका ती पोट भरल्यावरही मागते. एका वस्तीवर सहा काळ्या कोंबड्या होत्या. अंड्यांच्या पैशांवर त्या घरातल्या मुलांच्या वह्या आणि बाजाराचे मीठ-तेल चालत असे. मका घरात आला आणि दोन महिन्यांत अंडी बंद पडली. घरची बाई म्हणाली, "साहेब, खायला काही कमी करत नाही. तीन वेळा मका टाकते. तरी अंडं नाही. आता बाजारच दाखवते यांना." मी एकेक कोंबडी हातात घेऊन पोटाखाली चाचपली. कातडीखाली चरबीचा जाड थर लागत होता. गावरान कोंबडी हिंडते, उडते, झाडावर चढते, त्यामुळे तिच्या अंगावर चरबी सहसा साचत नाही. ही जड कोंबडी आयता मका मिळाला की दारातून हलतच नाही.

त्या घरी मक्याची मूठ बंद केली. सकाळी कोंबड्या उपाशी सोडायच्या, म्हणजे त्या उकरायला बाहेर पडतात. दुपारी भाजीचा पाला आणि थोडी शेंगदाण्याची पेंड घातलेला भरडा द्यायचा. दाणा संध्याकाळी आणि तोही मोजून. दीड महिन्यात सहापैकी चौघी पुन्हा अंड्यांवर आल्या. दोघी मात्र बाजारात गेल्याच.

हिशेब असा. अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला सगळे मिळून १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. परसात उकरायला भरपूर असेल तर त्यातले बरेच ती स्वतः मिळवते. बाकीचे आपण भरून काढायचे. पावसाळ्यात किडे आणि हिरवे भरपूर असते, तेव्हा हात आखडता घ्या. उन्हाळ्यात जमीन कोरडी पडते, तेव्हा भरडा वाढवा आणि सावलीत गार पाणी ठेवा. पाणी कमी पडले की अंडेही कमी पडते. खाद्याची भांडी दोन ठेवा, नाहीतर दांडगी खाते आणि गरीब बघत राहते.

तिच्या खादाडीचा खरा धोका पेरणीच्या दिवसांत असतो. औषध चोळलेले बियाणे अंगणात सांडले, तर ती ते टिपणारच. दाणेदार खत आणि दाणेदार औषधही तिला कणीसारखेच दिसते. पिशव्या झटकायच्या त्या रानात झटका, दारात नको. बुरशी आलेला मका किंवा पेंड 'कोंबड्यांना चालेल' म्हणून टाकू नका. त्या बुरशीचे विष यकृतात जाते. सुतळीचे आणि नायलॉनचे तुकडेही उचलून ठेवा. ते गिळले की छातीवरच्या पिशवीत गुंतून बसतात.

उद्या संध्याकाळी खुराडे लावण्याआधी एकेक कोंबडी हातात घ्या आणि गळ्याखालची ती पिशवी चाचपून बघा. भरलेली लागली तर तिचा दिवस चांगला गेला. रिकामी लागली तर तिला कुणीतरी खाऊ देत नाही किंवा ती आजारी आहे. सकाळी पुन्हा बघा. तेव्हा पिशवी रिकामी हवी. तशीच घट्ट राहिली असेल तर त्या कोंबडीला वेगळे काढा आणि गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.