मेण, लुगडे आणि उजेड

मूर्तीला चेहरा सर्वांत शेवटी येतो, हे मी कलामहाविद्यालयात शिकले नाही. आमच्या वऱ्हाडातल्या घरी, भाद्रपदात, महालक्ष्म्या उभ्या करताना शिकले. अनुराधा नक्षत्रावर त्या येतात, ज्येष्ठेवर जेवतात आणि मूळ नक्षत्रावर जातात. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात त्यांना गौरी म्हणतात. कुठे त्या तेरड्याच्या असतात, कुठे पाणवठ्यावरून आणलेल्या खड्यांच्या. आमच्याकडे माळ्यावरून आधी पत्र्याच्या कोठ्या खाली येत. देह हलू नये म्हणून त्यांत गहू भरला जाई. त्यावर कापडी धड, धडाला बांधलेले हात, मग लुगडे. आई ओठांत टाचण्या धरून तासभर निऱ्या बसवी. शेवटी पितळी मुखवटा. तो बसला की घरातले आवाज आपोआप खाली येत. दुपारपर्यंत जी कोठी होती, तिच्यापुढे संध्याकाळी आई पदर सावरून, निरांजन घेऊन उभी राही.

आपल्या काव्यपरंपरेत स्त्रीचे वर्णन नखशिखान्त होते. पायाच्या नखापासून शेंडीपर्यंत, किंवा उलट क्रमाने, कवीची नजर एकेका अवयवावर थांबत जाते आणि प्रत्येकाला एक उपमान देते. ही पाहणाऱ्याची रीत झाली. घडवणाऱ्याची रीत वेगळी असते. तो जिथून सुरुवात करतो ते पुढे कोणालाच दिसणार नसते: लोखंडी सळई, तारांची गुंडाळी, कोठीतला गहू. मला वाटते, स्त्रीदेहाच्या शिल्पाविषयी बोलताना आपण बहुधा पाहणाऱ्याच्या भाषेत बोलतो, आणि सांगाड्याचा प्रश्न राहून जातो.

कलामहाविद्यालयात आम्हाला माध्यमाशी प्रामाणिक राहायला शिकवले गेले. दगडाने दगड असावे, लाकडाने लाकूड. वस्त्र दाखवायचे तर ते त्याच माध्यमातून निघाले पाहिजे. याचा आदर्श म्हणून गणपतराव म्हात्र्यांची ‘मंदिरपथगामिनी’ सांगितली जाई. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, विद्यार्थिदशेत, म्हात्र्यांनी प्लास्टरमध्ये घडवलेली ही नऊवारीतली तरुणी. तिच्या चुण्यांतून चालण्याची लय कळते, आणि कापडाचा एक धागाही तिथे नाही. खरे कापड चिकटवणे म्हणजे दुकानातली पुतळी, असे आमचे शिक्षक म्हणत. मी वहीत ते उतरवून घेत असे, आणि भाद्रपदात घरी जाऊन आईच्या हातात टाचण्या देत असे. या दोन गोष्टींत काही विसंगती आहे, हे तेव्हा जाणवले नाही.

जाणवले ते ग्रंथालयातल्या एका पुस्तकात एदगार देगाच्या ‘चौदा वर्षांची छोटी नर्तिका’ या शिल्पाचे छायाचित्र पाहिल्यावर. १८८१ च्या इंप्रेशनिस्टांच्या सहाव्या प्रदर्शनात देगाने ती काचेच्या पेटीत ठेवली होती. उंची सुमारे ९९ सेंटिमीटर. देह मेणाचा, पण अंगात खरी चोळी, कमरेला मलमलीचा झगा, पायांत नृत्याचे जोडे, खऱ्या केसांना रेशमी फीत. पॅरिसचे समीक्षक बिथरले. कोणी तिला माकडाची उपमा दिली. देगाने ती पुन्हा कधी प्रदर्शनात ठेवली नाही. १९१७ मध्ये तो वारला तेव्हा ती त्याच्या कार्यशाळेत होती. आज ठिकठिकाणच्या संग्रहालयांत दिसतात त्या त्याच्या मृत्यूनंतर ओतलेल्या ब्राँझ प्रती. मूळ मेणाची मुलगी वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिची क्ष-किरण तपासणी झाली तेव्हा आत तारा सापडल्या आणि हातांत चित्रकाराचे कुंचले. ज्या हत्यारांनी तो नर्तिकांची चित्रे काढत असे, तीच या मुलीची हाडे झाली होती.

मुलीचे नाव मारी व्हान गोथेम. आई कपडे धुण्याचे काम करी. मारी ऑपेराच्या नृत्यशाळेत होती. १८८२ मध्ये गैरहजेरीच्या कारणावरून तिला काढून टाकण्यात आले, आणि त्यानंतर तिचा माग जवळजवळ लागत नाही. पुतळा राहिला, मुलगी हरवली. हे वाचल्यावर ‘माध्यमाशी प्रामाणिकपणा’ हा शब्दप्रयोग मला अपुरा वाटू लागला. मेणाशी प्रामाणिक राहिले, झग्याशी राहिले. मारीशी कोणी राहायचे?

आई २००४ मध्ये गेली. वर्षभराने मी तिची ट्रंक उघडली आणि तिचे शिल्प करायला घेतले. सळईचा सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर प्लास्टर, हात व चेहरा मेणाचा, आणि वर तिचे स्वतःचे लुगडे. उजेडाचाही मी माध्यम म्हणूनच विचार केला होता. रोममध्ये बर्निनीने संत तेरेसाच्या शिल्पसमूहावर एक खिडकी लपवली आहे. तिच्यातून उतरणारा दिवसाचा प्रकाश मुलामा दिलेल्या किरणांवरून संगमरवरावर येतो. म्हणजे सतराव्या शतकाच्या मध्यालाच कोणी दगड, धातू आणि ऊन एकत्र मळले होते. मी छताला दोन दिवे लावले आणि ते आईच्या चेहऱ्यावर रोखले.

तीन महिन्यांनी जे उभे राहिले ते दुकानातल्या पुतळीसारखे होते. शिक्षकांचे म्हणणे खरे ठरल्याचे दुःख झालेच. पण अधिक दुःख याचे की चेहरा हुबेहूब असूनही ती आई नव्हती.

त्या काळात आमच्या भागात रोज तासन्‌तास भारनियमन असे. एका संध्याकाळी वीज गेली, मी मेणबत्ती लावून सांगाड्यामागे ठेवली आणि पुढे येऊन बसले. लुगड्यातून उजेड येऊ लागला, पण सगळीकडून सारखा नाही. डाव्या खांद्यावर कापड विरले होते. कमरेशी, जिथे ती पदर खोचायची, तिथे एक पट्टा जवळजवळ जाळीदार झाला होता. गुडघ्यांच्या जागी दोन फिकट वर्तुळे होती. चाळीस वर्षे चुलीपुढे, जात्यापुढे, देवापुढे बसण्या-उठण्याने त्या कापडावर तिचा देह उमटला होता, आणि मी मात्र ते कापड माझ्या प्लास्टरच्या देहावर ताणून बसवले होते. विरलेला खांदा माझ्या मूर्तीच्या पाठीवर आला होता.

पुढच्या आठवड्यात मावशीला बोलावले. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “ताईनं पदर असा मोकळा कधी सोडला होता गं? खोचलेला असायचा.” मी म्हटले, बदलते. ती खुर्चीवर बसली आणि तिने पुन्हा वर पाहिले. “आणि उभीच केलीस. जन्मभर उभीच होती ती. आता तरी बसू दे.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. महालक्ष्म्या उभ्या असतात, पण तीनच दिवस. चौथ्या दिवशी गहू पुन्हा पोत्यात जातो, लुगडे घडी होऊन ट्रंकेत. मारीचे पाय मात्र कायमचे फाकवलेले, हात मागे ताणलेले, हनुवटी वर. त्या ठेवणीला विश्रांतीची ठेवण म्हणतात. चौदा वर्षांच्या मुलीला ती किती वेळ धरून उभे राहावे लागले असेल, हा विचार पुस्तकात कुठे आलेला नव्हता. तो मलाही मावशी बोलेपर्यंत आला नव्हता.

मी सांगाडा कापला. गुडघ्यांत वाकवला, जमिनीवर बसवला, प्लास्टर फोडून टाकले. आता फक्त सळई आणि जाळी आहे. लुगडे त्यावर विरलेल्या जागा शोधत शोधत घातले आहे, खांदा खांद्यावर आणि गुडघे गुडघ्यांवर. दिवा आत आहे, तिच्या मांडीपाशी, आणि तो कमी वॉटचा आहे. पदर खोचलेला आहे. कापडाला कुठेही सरस लावलेला नाही, टाचण्या आहेत. काढायचे ठरवले तर दहा मिनिटांत घडी करता येईल.

मेणाचा चेहरा कपाटात आहे. मावशी पुढे दोनदा आली. दोन्ही वेळा ती त्या आकृतीशेजारी जमिनीवर बसली आणि गावाकडचे बोलत राहिली. चेहऱ्याविषयी तिने विचारले नाही. कधी तरी तो बसवावा लागेल, असे मला वाटते. भाद्रपद आला की मी कपाट उघडते, तो हातात घेते, आणि मग तिचे दोन्ही हात तेवढे पुसून दिवा लावते.