पागोळ्यांखालचा ओटा

राजापूर तालुक्यातलं आमचं घर मुळात भातशेतीसाठी बांधलेलं. मळ्याच्या कडेला, जांभ्याच्या चिऱ्यांचं. माजघरात कणग्या, मागे गोठा, पुढे खळं. शाळा नंतर आली आणि तिला पडवी मिळाली. पंतोजींना सुगीला भात मोजून देत. मुलं धुळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवत. लावणी सुरू झाली की वर्ग रिकामा व्हायचा, कारण चिखलात लहान हातही लागायचे. शेत आणि शाळा एका छपराखाली, हे आमच्या घराण्याचं भूषण म्हणून मी लहानपणापासून ऐकत आले.

1962 साली जिल्हा परिषदा आल्या. पुढे गावाची शाळा नव्या इमारतीत गेली, पडवीत गवताचे भारे आले, मग नुसता काळोख.

दुरुस्ती काढली तेव्हा पहिलं काम होतं भिंतीवरचं सिमेंट उतरवण्याचं. मागच्या पिढीत कुणीतरी मजबुतीसाठी म्हणून ते थापलं होतं. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, उघड्या हवेत कठीण होत जातो. पण तो सच्छिद्र, पावसात पाणी पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंटनं ती वाटच बंद केली. गिलावा फोडला तर आतला चिरा बोटानं उकरता येत होता. म्हणून चुना आणला, पाण्यात मुरत ठेवला, त्यात गुळाचं नि हिरड्याचं पाणी घातलं. मेस्त्री घाई करू देत नसत. वरचे वासे किंजळीचे होते, त्यातले वाळवीनं पोखरलेले तेवढेच बदलले. मंगळुरी कौलं मात्र बरीचशी धड निघाली. ती एकेक उतरवून, शेवाळ घासून, पुन्हा चढवताना मला जो आनंद झाला तो नव्या घराच्या वास्तुशांतीलाही झाला नव्हता.

पडवीच्या बाहेर, दारापासून जरा दूर, एक बुटका ओटा होता. बरोबर वळचणीच्या रेषेत, पागोळ्या पडतात तिथं. तो काढून टाकायचा असं ठरत होतं. पावसाळ्यात वाट अडते, पाय घसरतो.

‘ताई, तो ऱ्हाऊ दे,’ मेस्त्री म्हणाले. ‘माझा आजा तिथं बसून शिकला.’

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्या वाडीतल्या मुलांना पडवीत घेत नसत. पंतोजी दारात उभे राहून पाढे म्हणत आणि ती मुलं ओट्यावरून ऐकत. पाटी तपासायची तर ती जमिनीवर ठेवून मागे सरकायचं. जोराचा पाऊस आला की त्यांची शाळा सुटायची, आतली चालू राहायची. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदेमंडळात सदस्य बोले यांनी मांडलेला ठराव मंजूर झाला, सार्वजनिक शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असं त्यात होतं. आमच्या पडवीपर्यंत तो पोचायला फार वर्षं लागली. ते छप्पर सगळ्यांचं नव्हतं, आणि आमच्या घरात सांगितल्या गेलेल्या इतक्या आठवणींत ओटा एकदाही आला नाही, याचं मला अजून दुःख आहे.

ओटा ठेवला. निखळलेले चिरे मेस्त्रींनी स्वतः बसवले. जुन्या वास्तूत मूळ मापाला हात लावू नये, हे मला एरवी मनापासून पटतं. पण इथं मी वासे पुढे वाढवायला सांगितले, वळचण ओट्यापलीकडे गेली. मेस्त्रींनी माप घेतलं आणि म्हणाले, ‘अजून हातभर घेऊया. वाऱ्यानं पाणी आत येतं.’

तेवढंही घेतलं. आता पडवीत वाचनालय आहे. उतरत्या छपराची ती बाजू दुसरीपेक्षा लांब दिसते, येणारा जाणारा का म्हणून विचारतो, आणि पोरं ओट्यावर नेऊन त्याला सगळं सांगतात.